बारा नंबर आणि बारा बोअर

(स्नेहमेळाव्यातील भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. मध्ये माइक बंद पडला तेवढा भाग गाळला आहे.)

गुरुजन, बाई आणि माझ्या १९८५च्या दहावीच्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'सैन्यातील अनुभव' असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. सैन्यात मी ईएमईमध्ये आर्मरर होतो, म्हणजे दुसऱ्यानं चालवलेली हत्यारं दुरुस्त करणारा माणूस. लढाईच्या गोष्टी माझ्याकडं कमी, स्प्रिंगा आणि पिनांच्या जास्त. म्हणून एकाच रायफलीबद्दल बोलतो. तिच्यापायी आपल्या एका वर्गमित्राची गेल्या वर्षी चार महिने झोप उडाली होती. तो इथंच बसलाय. सगळं सांगायला त्यानं परवानगी दिलीय, फक्त नाव घेऊ नको म्हणाला.

त्याचं घर नांदेडचं, लातूरला तो मामाकडं राहून आपल्या वर्गात शिकला. आजोबा निजामाच्या काळात वकील. त्यांनी एक रायफल घेतली होती. ती पुढं वडिलांच्या लायसनवर आली आणि वडील गेले तशी घरात लायसन नसलेली वस्तू झाली. शस्त्र कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणं अशी वस्तू विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायची असते. हा शहाणा माणूस, तेराव्यानंतर लगेच घेऊन गेला. तिथल्या माणसानं लायसनचं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलेलं, '१२ बोअर, एकनळी'. कापडाच्या खोळीतून निघाली पॉइंट टू-टूची रायफल. हत्यारावरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळत होता, हत्यार जुळत नव्हतं.

मग त्याला दोन प्रश्न विचारले गेले. लायसनवरची बारा बोअर कुठं गेली? आणि ही रायफल कुणाची? दोन्ही प्रश्नांचा अर्थ वकिलाच्या नातवाला कळला. एक हत्यार गहाळ आणि एक विनापरवाना. रात्री साडेअकराला त्याचा मला फोन.

आधी हे बोअर प्रकरण सांगतो, कारण आपल्याकडं सगळे 'बावीस बोअर' म्हणतात आणि घोटाळ्याचं मूळ तिथंच आहे. बोअर हा छर्‍याच्या बंदुकीचा हिशेब आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. ती नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. पॉइंट टू-टू हा वेगळाच हिशेब. इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बावीस, म्हणजे ५.६ मिलिमीटर. खरोखर बावीस बोअरची बंदूक कुणी केली, तर तिची नळी सुमारे १५ मिलिमीटरची भरेल. पण 'पॉइंट' हा शब्द बोलताना गळतो आणि 'बोअर' चिकटतो. आपल्या भागात शेतावर रानडुकरांसाठी ठेवलेली एकनळी बारा बोअर इतकी सर्रास होती, की लिहिणाऱ्याला 'एकनळी' आणि 'बारा' एवढं दिसलं की पुढचं हात आपोआप लिहीत असणार.

आता शाळेकडं येतो. एन.सी.सी.त असलेल्यांनी आठवा. आपली रायफल दिसायला मोठ्या थ्री-नॉट-थ्रीसारखी होती, पण नळी पॉइंट टू-टूची. तिचं नाव नंबर दोन, मार्क चार. मोठ्या लढाऊ रायफलीवरून ती सरावासाठी केलेली. खाली मॅगझिन दिसायचं, पण आत काही नसायचं. गोळी एकेक, हातानं, वरून ठेवायची. ते पोकळ मॅगझिन कशाला होतं, तर रिकामी खोकी त्यात पडावीत म्हणून. सर पाच गोळ्या मोजून द्यायचे आणि पाच खोकी मोजून घ्यायचे. एक कमी भरलं, तर सगळी तुकडी गुडघ्यांवर बसून गवतात शोधायची. २५ यार्डांवर लाकडी चौकटीला चिकटवलेला कागद आणि हिंदीतला हुकूम 'शिस्त ले'. मराठी शाळेतल्या पोरांना वाटायचं, सर गप्प बसायला सांगताहेत. एन.सी.सी.च्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम.

त्या गोळीची गंमत अशी, की तिच्या बुडाशी मधोमध टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या काठात, कडेच्या उभारात भरलेला असतो. म्हणून तिला रिमफायर म्हणतात. स्ट्रायकर मध्यावर न मारता काठावर मारतो. खोकं एकदा वापरलं की संपलं, परत भरता येत नाही. आज आपण ज्याला लाँग रायफल काडतूस म्हणतो ते अमेरिकेत १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीनं आणलं. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं ते याच मापाच्या काडतुसावर. इतकं जुनं काडतूस अजून चालतंय, आणि मित्राच्या भानगडीत हीच गोष्ट पुढं महत्त्वाची ठरली.

मी दुसऱ्या दिवशी नांदेडला गेलो. रायफल तेव्हा ठाण्यातच ठेवून घेतली होती, रीतसर पावती देऊन. तिथले अधिकारी समजूतदार निघाले. त्यांच्यासमोर, त्यांच्या माणसाच्या हातून, मला बघू दिलं. ती बघितली त्या क्रमानंच सांगतो. कुणाच्या घरी आजोबांचं असं काही असेल, तर हाच क्रम उपयोगी पडेल.

पहिल्यांदा रिकामी आहे का ते. हे दोनदा. मग यंत्र. हिला बोल्टची मूठ नाही. मागं अंगठ्यानं ओढायचा घोडाही नाही. चापाच्या मागं, दस्त्याच्या मानेखाली, एक लांबट कडी आहे. ती खाली ओढली की आतला लोखंडी ठोकळा पुढच्या बाजूनं खाली झुकतो, नळीचं मागचं तोंड उघडं पडतं, रिकामं खोकं बाहेर येतं आणि त्याच हालचालीत आतला स्ट्रायकर ताणला जातो. ठोकळ्याच्या पाठीवर खोबण असते. तिच्यात गोळी ठेवायची, अंगठ्यानं पुढं सरकवायची, कडी वर. झालं. ही मार्टिनीची रचना. फ्रीडरिश फॉन मार्टिनी हे स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे अभियंते. त्यांच्याआधी अमेरिकेतल्या पीबॉडींनी असाच ठोकळा केला होता, पण त्याला बाहेर घोडा होता. मार्टिनींनी तो आत घेतला. इंग्रजांनी १८७१ला हीच रचना मोठ्या मार्टिनी-हेन्री रायफलीत घेतली. जुन्या अमेरिकन एकगोळी रायफली, स्टीव्हन्स फेव्हरिट किंवा विंचेस्टर, यांनाही खाली कडी असते आणि फोटोत माणूस फसतो. पण त्यांचा घोडा बाहेर दिसतो. त्यामुळं घोडा दिसत नाही आणि कडी आहे, एवढ्यावरच अर्धी ओळख पटते.

दुसरं, शिक्के. यंत्राच्या अंगावर बी.एस.ए. आणि एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचं चिन्ह. हे चिन्ह बघून मित्र म्हणाला, "अरे, हे तर सायकलवर असायचं!" बरोबर आहे. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही १८६१ सालची बंदुका करणारी कंपनी. सायकली आणि मोटारसायकली नंतरच्या. आपल्या बी.एस.ए. सायकली मद्रासला बनत, पण नाव तेच. अर्ध्या वर्गानं ज्या सायकलीवरून शाळा केली तिचं आडनाव बंदुकीचं होतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

नळीवर, मागच्या बाजूला, भिंगातून दिसतील असे बारीक शिक्के. मुकुटाखाली बी.पी., मुकुटाखाली बी.व्ही., मुकुटाखाली एन.पी. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी विकण्याआधी सरकारमान्य चाचणीघरात जादा दारूनं उडवून बघतात आणि मग शिक्का मारतात. बर्मिंगहॅमच्या घराचे हे तीन शिक्के १९०४च्या नियमांचे. त्याच्या आधी आडव्या-उभ्या राजदंडांचं चिन्ह होतं आणि १९५४नंतर बी.एन.पी. असा एकच शिक्का आला. म्हणजे रायफल या पन्नास वर्षांतली. शिक्क्यांनी एवढंच सांगितलं, पण ते कागदाशिवाय सांगितलं आणि कुणालाही तपासता येईल असं.

तिसरं, नळीची लांबी. ही डोळ्यानं सांगायची नसते. कडी बंद करायची, लाकडाची सरळ काडी तोंडाकडून आत सोडायची, ठोकळ्याला टेकली की तोंडाशी खूण करायची, बाहेर काढून मोजायची. २९ इंच भरली. बी.एस.ए.नं छोट्या मार्टिनी यंत्रावर बरीच मॉडेलं काढली. त्यांतलं बारा नंबरचं म्हणजे २९ इंचांची नळी आणि दस्त्याची मान सरळ, इंग्रजी पद्धतीची. तेरा नंबर तसंच, पण नळी २५ इंच. पंधरा नंबरला नळी २९च, पण दस्त्याला पिस्तुलासारखी वळलेली मूठ आणि गाल टेकायला उंचवटा. पुढं बारा आणि पंधरा मिळून 'बारा-पंधरा' आलं. त्यालाही गालाचा उंचवटा, आणि पुढचं लाकूड रुंद, तळहातात भरणारं. आमच्यापुढं असलेल्या रायफलीची मान सरळ, गालाला उंचवटा नाही, लाकूड बारीक, नळी २९. ही बारा नंबर. तिच्या अंगावर कुठंही बारा हा आकडा नव्हता. मापं आणि आकार मिळूनच ते सांगत होते.

चौथं म्हणजे नेमाची साधनं. इथं मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि मजाही आली. त्या काळी टार्गेट रायफल घेणं म्हणजे सायकल घेण्यासारखं होतं. सायकल एक, पण डायनामो पाहिजे का, कॅरिअर पाहिजे का, पूर्ण चेनकव्हर की अर्धं, हे गिऱ्हाइकानं ठरवायचं. तसंच इथं. पट्ट्याच्या कड्या हव्यात की नकोत, मागं बारीक भोकातून बघायची पीप साइट कुठली, पुढं नुसती माशी की नळकांड्यातली. मित्राच्या घरात सगळे म्हणत होते, मागं एक मोडकी कडी लोंबतेय, काढून टाकू. ती मोडकी कडी नव्हती, दुमडणारी पीप साइट होती. उभी केली, बारीक भोकातून बघितलं, आणि ठाण्यातल्या हवालदारसाहेबांनी पण बघितलं. पुढच्या टोकाला छोटं नळकांडं होतं, त्यावर पार्कर-हेलचं नाव. हेही बर्मिंगहॅमचंच, पण वेगळी विकत घेऊन बसवायची वस्तू. या नळकांड्यात बदलायच्या चकत्या असतात, एकीवर उभी काडी, एकीवर कडं, एकीवर मणी. टार्गेटचा काळा गोल कड्याच्या आत बरोबर मध्ये आणायचा असतो. नळकांडं रिकामं होतं. मी म्हटलं, घरात शोध, बारीक लोखंडी चकत्या, आठ आण्याच्या नाण्याहून लहान. तिसऱ्या दिवशी सापडल्या. आजीच्या शिलाईच्या डब्यात, बटणांमध्ये. तीन.

नळीचं तोंडही बघायचं असतं. बोल्टची रायफल मागून साफ करता येते. मार्टिनीला मागची बाजू बंद, म्हणून सळई सहसा तोंडाकडून जाते आणि वर्षानुवर्षं घासून तोंडाचा गोल झिजतो. शिवाय कुणी नळी कापली असेल तर तेही तिथंच कळतं. कापलेल्या नळीचं तोंड सपाट करवतीचं दिसतं आणि माशी परत बसवल्याची खूण राहते. ही कापलेली नव्हती. आत थोडे खड्डे होते. जुन्या काडतुसांच्या मसाल्यातले क्षार दमट हवेत लोखंड खातात, आणि वकीलसाहेब गोदावरीकाठी राहत होते.

एवढं सगळं मी चार पानांत लिहून, मापं आणि फोटो लावून दिलं. पण माझं लिहिणं म्हणजे एका माजी सैनिकाचं मत. लायसनवर 'बारा बोअर' कसं आलं, याचा कागद पाहिजे होता. तो मित्राच्या माळ्यावरच्या पेटीत होता. फडताळात वेगळं बांधलेलं जुनं लायसन, उर्दूत. आमच्या दोघांच्या चार पिढ्या निजामाच्या राज्यात गेल्या आणि आम्हाला अलीफ ओळखता येत नाही! मी कागद घेऊन सरळ आपल्या इतिहासाच्या सरांकडं गेलो. सर आज समोर बसलेत, म्हणून जरा संकोच वाटतो. सर पोलीस ॲक्शनच्या आधी उर्दू शाळेत शिकलेले. वय नव्वद. चष्मा कपाळावर चढवून, कागद डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी वाचलं. "बंदूक एकनाली, कारखाना बी.एस.ए., नंबर बारा, बाईस बोर." पुढं हत्याराचा नंबर. साल १३४३ फसली.

मी म्हटलं, सर, १३४३ म्हणजे? ते म्हणाले, "हैदराबादच्या फसलीत पाचशेनव्वद मिळव. ऑक्टोबरपासून नवं वर्ष." म्हणजे १९३३-३४. शिक्क्यांनी सांगितलेल्या पन्नास वर्षांत बसलं.

मग गाठ सुटली. १९५६च्या नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबादमधून मुंबई राज्यात आला. जुन्या पुस्तकांवरून नवी इंग्रजी पुस्तकं झाली. मित्राकडचं सगळ्यात जुनं इंग्रजी पुस्तक त्यानंतरचंच आहे. उतरवून घेताना 'नंबर बारा, बाईस बोर' यातलं 'बाईस' गळलं आणि 'बारा'ला 'बोर' जोडला गेला. 'एकनाली' होतंच, त्यामुळं वाक्य अगदी खरं दिसतं. पुढं प्रत्येक नूतनीकरणात तेच उतरत गेलं. दर निवडणुकीला रायफल ठाण्यात जमा व्हायची, पावती मिळायची, तीवर '१२ बोअर'. खोळीची दोरी सोडून नंबर बघायचे, नंबर जुळायचा. नळीत करंगळी जात नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बारा बोअरच्या नळीत अंगठा जातो.

माझी पानं, उर्दू लायसन आणि त्याचं अधिकृत भाषांतर एवढं जोडून अर्ज गेला. पोलिसांच्या स्वतःच्या आर्मररनं वेगळी तपासणी केली, नळी मोजली आणि तेच लिहिलं. नोंद दुरुस्त झाली. गहाळ हत्यार आणि विनापरवाना हत्यार, दोन्ही एकाच ओळीत मिटले. वारसाच्या लायसनचा अर्ज त्यानंतर सुरू झाला.

या चार महिन्यांत मित्राला मिळालेले सल्ले सांगतो, कारण असे सल्लागार प्रत्येक गल्लीत असतात. एक म्हणाला, शंभर वर्षांची आहे, अँटीक आहे, लायसनच लागत नाही. हे ऐकून बऱ्याच जणांनी आजोबांच्या बंदुका माळ्यावर ठेवल्यात. शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुन्या घाटाच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला सूट आहे, पण कुठल्या? जे दुरुस्त करूनही आणि न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशाच. आणि ही रायफल? काडतूस आजही मिळतं, यंत्र आजही चालतं. तिचं वय कितीही असो, कायद्याच्या लेखी ती चालू हत्यार आहे.

दुसरा म्हणाला, बफ मारून, नवी काळी करून घे, भिंतीवर शोभेल. बफच्या चाकाखाली पहिल्यांदा जातात ते शिक्के. भिंगातून दिसणारे ते तीन मुकुट पुसले असते, तर माझ्या चार पानांतलं एक पान कोरं राहिलं असतं. तिसऱ्यानं दुर्बीण बसवण्यासाठी यंत्राला भोकं पाडायचं सुचवलं. चौथा दलाल होता, त्यानं लाखांत आकडा सांगितला आणि मग फोन उचलला नाही.

दसऱ्याची एक गोष्ट सांगायची राहिली. नांदेडला शस्त्रांचा मान किती, हे मी सांगायला नको. सचखंडातल्या शस्त्रांचं दर्शन आपण सगळ्यांनी घेतलंय. घरोघरी खंडेनवमीला हत्याराला कुंकू, हळद, पाणी आणि फुलं लागतात, आणि मग ते तसंच खोळीत जातं. या रायफलीच्या उजव्या अंगावर पाच बोटांएवढा गंजाचा पट्टा आहे, नेमका कुंकवाच्या जागी. पूजा करा, पण संध्याकाळी कोरड्या फडक्यानं पुसून यंत्राचं तेल लावा. गोडेतेल लावू नका. ते वाळून डिंकासारखं होतं आणि कडी अडकते. आजीनं वर्षानुवर्षं करडईचं तेल लावलं होतं. ते सोडवायला पोलिसांच्या आर्मररला अर्धा दिवस लागला. आणि रिकामा चाप ओढून दाखवू नका, पाहुण्यांना तर नाहीच. रिमफायरचा स्ट्रायकर काठावर मारतो. गोळी नसेल तर बऱ्याच जुन्या रायफलींत तो नळीच्या काठावरच आपटतो, तिथं लोखंडाचा उंचवटा येतो आणि मग गोळी नीट आत जात नाही.

कुणाकडं असं काही असेल, तर जेवणानंतर माझ्याशी बोला. हत्यार इथं आणू नका! चार फोटो पुरतात. पूर्ण डावी बाजू, पूर्ण उजवी बाजू, शिक्के जवळून, आणि दस्त्याची मान. लायसनचं सगळ्यात जुनं पुस्तक शोधा, ते उर्दूत असेल तर फेकू नका. वाचायला सर आहेत, आणि सरांनी मला आजच सांगितलंय की दुपारी चार ते सहा ते मोकळे असतात.

रायफल ठाण्यातच आहे, पण मित्रानं त्या तीन चकत्या एका डबीत घालून आणल्यात. काडी, कडं आणि मणी. डबी पहिल्या रांगेपासून मागं फिरवतो. हातात घेऊन उजेडाकडं धरून बघा. तीन देतोय, तीन परत पाहिजेत.